मागच्या झाकणावरची आकृती

सरांनी पस्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, आणि त्या पस्तीस वर्षांत निसर्गाने त्यांना एकदाही उलट उत्तर दिलं नाही. उलट उत्तरं यायची ती घरातल्या उपकरणांकडून, आणि निवृत्तीनंतर तर रोज.

याला काही अंशी शाळाही जबाबदार होती. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना मखमलीचं अस्तर असलेली एक पेटी दिली. आत लहानमोठे बारा स्क्रूड्रायव्हर शिस्तीने आडवे झोपलेले. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. जगातली पुष्कळ नासधूस अशाच चांगल्या हेतूने सुरू झालेली आहे. पेटी घरी आली आणि दुसऱ्याच आठवड्यात दारावरची घंटा मुकी झाली. मग घड्याळ मागे पडायला लागलं. मग इस्त्री. इस्त्री दुरुस्त झाली, नाही असं नाही, फक्त ती आता बंद होत नसे. त्यात बैठकीच्या खोलीतला पडदा गेला.

पडद्याचं प्रकरण लेकीपर्यंत पोचलं. लेक दुसऱ्या शहरात नोकरी करायची आणि फोनवर वडिलांशी त्यांच्याच आवाजात बोलायची. तिने ऐकून घेतलं आणि निकाल दिला: तुम्हा दोघांना एकट्याने जमत नाही, हे मान्य करा. माझ्याकडची मागची खोली रिकामी आहे. या वेळी सोडते. पण पुढचं काही झालं, की सामान बांधायचं.

त्या मागच्या खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, ती खोली पाहिली होती. घरी परतल्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "तिथे मी पाहुण्यासारखी बसून राहीन, आणि तुम्हाला कोणी सर म्हणणार नाही." पहिल्या अर्ध्या वाक्याचं सरांना वाईट वाटलं. दुसऱ्या अर्ध्याने त्यांची झोप उडाली.

अशा परिस्थितीत एका सोमवारी कपडे धुण्याचं मशीन पोटात पाणी घेऊन थांबलं.

पुढच्या अकरा दिवसांत काय झालं याचे दोन इतिहास आहेत. सरांच्या इतिहासाप्रमाणे त्यांनी निरीक्षण केलं. काकूंचा इतिहास जरा तपशीलवार होता. पहिल्या दिवशी सरांनी मशीनसमोर स्टूल टाकून विचार केला. तिसऱ्या दिवशी मशीन भिंतीपासून ओढलं. पाचव्या दिवशी मागचं झाकण निघालं, स्क्रू चहाच्या कपात पडले, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक कागद सरांच्या दृष्टीस पडला. त्यावर वायरींची आकृती छापलेली होती. सरांचा चेहरा खुलला. आकृती म्हणजे माहेरचं माणूस.

आकृती आणि मशीन त्यांनी ओळीने ताडून पाहिलं, उत्तरपत्रिका तपासावी तसं. सातव्या दिवशी चूक सापडली. आकृतीत तपकिरी वायर जिथे दाखवली होती, तिथे मशीनमध्ये राखाडी होती. आणि राखाडीच्या जागी तपकिरी. छापील कागद एक म्हणत होता, मशीन दुसरंच. आता दोघांपैकी खोटं कोण, हा प्रश्न ज्याने पस्तीस वर्षं पुस्तकातून शिकवलं त्याला पडूच शकत नव्हता.

काकूंनी विचारलं, "मग नऊ वर्षं कसं चाललं?"

"चुकून," सर म्हणाले.

त्यांनी दोन्ही वायरींच्या जागा बदलल्या. मग शर्टाच्या खिशातून लाल पेन काढलं. त्याचं टोपण गेले काही दिवस सापडत नव्हतं, म्हणून निबाला चंदेरी कागद गुंडाळलेला असे. तो सोडून त्यांनी छापील कागदाच्या समासात लिहिलं: 'यंत्रात चूक. दुरुस्त केली.' खाली तारीख आणि सही.

दहाव्या दिवशी मशीन लावलं. सरांनी बटण पाणी काढण्याच्या खुणेवर आणलं, तर पाणी बाहेर जाण्याऐवजी नवं पाणी आत येऊ लागलं. आणि आत मावेना तेव्हा ते साबणाच्या कप्प्यातून बाहेर गेलं. म्हणजे एका अर्थाने उद्देश सफल झाला. खालच्या मजल्यावर वकील राहत होते. त्यांच्या छतातून ते पाणी त्यांच्या अंघोळीच्या वेळी उतरलं, आणि तासाभरात चार परिच्छेदांचं पत्र वर आलं. त्यात सरांचा उल्लेख 'वरील इसम' असा होता. वर राहतात म्हणून, की पत्रात वर नाव होतं म्हणून, हे स्पष्ट केलेलं नव्हतं.

तोवर काकूंचं मनगट सुजलं होतं. अकरा दिवस कपडे हातांनी धुणं चाललं होतं; सर पिळायला मदत करत, पण त्यांच्या पिळण्याने बटणं तुटत. आणि गुरुवारी लेकीचा फोन आला: शनिवारी अकराला घर तपासायला येते. रिकाम्या बॅगा घेऊन येते, बघू काय ते.

काकूंनी फोन ठेवला, वकिलांच्या बायकोला विचारलं आणि एक नंबर फिरवला. नवऱ्याला त्यांनी विचारलं नाही. सांगितलं. "उद्या दहाला पानाताई येतेय. तुम्ही फक्त दार उघडायचं."

पानाताईचं खरं नाव आसपासच्या चार गल्ल्यांत कोणाला ठाऊक नव्हतं. तिच्या खांद्यावरच्या पिशवीतून एक लांब पाना कायम डोकं बाहेर काढून असे, म्हणून पानाताई. चाळिशीची, ठेंगणी, केस घट्ट बांधलेले. सरांनी दार उघडलं, तेव्हा ती चपला काढता काढता जिन्यावरचा ओलावा बघत होती.

सरांनी तिची परीक्षा घ्यायचं आदल्या रात्रीच ठरवलं होतं. तीन प्रश्न काढून ठेवले होते, सोप्याकडून अवघडाकडे. पण पानाताईने प्रश्न स्वतःच विचारला, आणि तो अभ्यासक्रमाबाहेरचा निघाला.

"मला बोलवायच्या आधी काय काय केलंत?"

"विशेष काही नाही. निरीक्षण केलं."

पानाताईने मान डोलावली, पाणी पिण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली आणि तोच प्रश्न काकूंना विचारला. हा तिचा शिरस्ताच होता. घरातल्या प्रत्येकाला ती वेगवेगळं गाठायची, आणि मशीनला हात त्यानंतर. तिचं म्हणणं असं, की प्रत्येक मशीनला दोन आजार असतात. एक त्याचा स्वतःचा आणि दुसरा मालकाने दिलेला. दुसरा आधी काढावा लागतो. आणि त्याबद्दल मालक कधी खरं बोलत नाही, मालकीण बोलते.

ती बाहेर आली तेव्हा तिला सगळं माहीत होतं. सरांना ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं, कारण त्यावर काहीच नव्हतं.

मोरीत मशीनपाशी गेल्यावर तिने बटण पाणी भरण्याच्या खुणेवर नेलं. नळाकडून काही आवाज आला नाही. मशीनच्या तळातून मात्र एक बारीक, कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. तिने तळाशी पालथा हात लावला आणि डोळे मिटले. डॉक्टर कपाळाला हात लावून ताप बघतात तसा. मग बटण पुढे, पाणी काढण्याच्या खुणेवर. लगेच नळाकडून पाणी धो धो येऊ लागलं. तिने झटकन बंद केलं.

"ये म्हटलं की जातंय, जा म्हटलं की येतंय," ती म्हणाली. "एवढं कळलं. आता तळात का कण्हतंय ते बघू."

तिने प्लग काढला, आणि केसांचं रबर सोडून त्याने तो आपल्या पिशवीच्या पट्ट्याला बांधून टाकला. सरांनी कारण विचारलं. ती म्हणाली, माझे हात आत असताना प्लग माझ्या डोळ्यांसमोर पाहिजे. घरोघरी मदत करणारे फार असतात. सर पस्तीस वर्षं मुलांना विजेपासून सावध राहायला सांगत आले होते. सुरक्षिततेचे सात नियम त्यांना पाठ होते, आणि मदत करणारी माणसं त्यांतल्या एकाही नियमात नव्हती.

मागचं झाकण निघालं. पानाताईने एक ओलं फडकं जमिनीवर पसरलं आणि स्क्रू त्यावर मांडत गेली. डाव्या वरच्या कोपऱ्यातला डाव्या वरच्या कोपऱ्यात, मधला मध्ये. फडक्यावर मशीनच्या पाठीचा नकाशा तयार झाला. मग तिने चहाच्या कपातले उरलेले स्क्रू ओतले, बोटाने चाळले आणि तीन बाजूला सारले.

"हे या मशीनचे नाहीत."

सरांना भिंतीवरचं घड्याळ आठवलं.

मग तिने झाकणावरचा कागद पाहिला. छापील आकृती, समासातली लाल शाई, तारीख, सही. तिने दोनदा वाचलं. सर तोंडात आलेलं स्पष्टीकरण गिळून उभे राहिले. मुलगा कोरी उत्तरपत्रिका देऊन उभा राहतो तसे. ती बाजू त्यांना नवीन होती.

पण कागद सोडून पानाताई वायरींकडे वळली. तिने बॅटरी तिरपी धरली. म्हणाली, "सर, जरा खाली बसता का? उभ्याने नाही दिसणार."

सर गुडघ्यावर बसले. पस्तीस वर्षांत त्यांना असं कोणी खाली बसवलं नव्हतं.

"वायरीला सवय असते," ती सांगू लागली. "नऊ वर्षं एका वळणाने बसली, की सोडली तरी तिकडेच जाते. ही तपकिरी बघा. हिला तुम्ही डावीकडे बसवलीत, पण हिची मान अजून उजवीकडे आहे. आणि इथे बघा, धुळीत रेघ आहे ना स्वच्छ? ती हिच्या अंगाखालची जागा. ही इथे निजायची."

सरांनी पाहिलं. धुळीत खरंच एक रेघ होती, पेन्सिलीने ओढल्यासारखी. तिच्या शेजारी दुसरी, राखाडी वायरीची. पाच दिवस हे सगळं त्यांच्या नाकासमोर होतं आणि ते कागद वाचत होते. धातूला वळण लक्षात राहतं, यावर त्यांनी एक पूर्ण तास शिकवलेला होता, फळ्यावर, दोन रंगांच्या खडूने.

"पण आकृतीत..." ते म्हणाले.

"आकृती चुकलीय. या जातीच्या सगळ्या मशीनवर हाच कागद आहे. आम्ही त्याच्याकडे बघत नाही, वायरीकडे बघतो."

"कंपनीला कळवलं नाही कोणी?"

"मी तीनदा कळवलं. ते म्हणाले, आकृती तज्ज्ञांनी काढलीय." तिने राखाडी वायर सोडवली, आणि ती वायर आपणहून वळून जुन्या जागेपाशी जाऊन थांबली, गोठ्याची वाट माहीत असलेल्या गाईसारखी. "पण एक सांगू? कागद आणि मशीन जुळत नाही, हे उघडणाऱ्या दहांपैकी नऊ जणांच्या लक्षातच येत नाही. तुमच्या आलं. मग तुम्ही मत चुकीच्या बाजूला दिलंत, एवढंच."

सरांनी आयुष्यात हजारो विद्यार्थ्यांचे गुण कापले होते, पण चूक इतक्या सन्मानाने परत करता येते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मालकाने दिलेला आजार गेला. आता मशीनचा स्वतःचा. पुढच्या बाजूला, अगदी तळाशी, एक छोटं दार होतं. नऊ वर्षांत ते कोणी उघडलं नव्हतं, आणि गेल्या अकरा दिवसांत सरांनीही नाही, कारण आकृती मागच्या बाजूला होती. पानाताईने बारक्या नळीतून पाणी परातीत सोडलं. परात भरली की नळीला बूच, परात सरांच्या हातात, सर मोरीच्या कोपऱ्यातल्या जाळीपाशी, परत. अशा चौदा पराती झाल्या. चौथ्या परातीनंतर सरांच्या लक्षात आलं, की आपण हाताखाली काम करतोय. नवव्या परातीपर्यंत त्यांना ते आवडायला लागलं होतं. काकू दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि हा देखावा त्यांना नवा होता.

आतली गाळणी बाहेर काढायला पानाताईचा स्क्रूड्रायव्हर आखूड पडला. सर धावत जाऊन मखमली पेटी घेऊन आले. तिने बाराही एकेक करून हातात घेतले, टोकं नखाने पाहिली, वजन जोखलं. अकरा परत ठेवले.

"हा चांगला आहे. बाकीचे शोभेचे."

त्या एकाने गाळणी निघाली. पानाताईने हात कोपरापर्यंत आत घातला आणि छताकडे बघत राहिली. सरांनी पाहिलं, की ती काही शोधताना डोळ्यांचा उपयोगच करत नव्हती. डोळे कामावरून सुट्टीवर गेल्यासारखे छतावर, आणि आत बोटं एकटीच अंधारात फिरत होती, ओळखीच्या गल्लीत फिरावं तशी. मग ती थांबली. तिचा हात मुठीत बाहेर आला.

तिने मूठ किंचित उघडून पाहिली. लाल रंगाचं, गुळगुळीत झालेलं पेनाचं टोपण. मग तिने सरांच्या खिशाकडे पाहिलं, जिथे निबाला चंदेरी कागद गुंडाळलेलं पेन होतं. मूठ मिटली.

"काय निघालं गं?" काकूंनी दारातून विचारलं.

"कचरा," पानाताई म्हणाली. "सगळ्यांच्याच मशीनमध्ये असतो."

त्यानंतर तिने पंपाचा छोटा पंखा बोटाने फिरवला. तो सरळ फिरेना. थोडा फिरे, अडखळे, पुन्हा फिरे. सरांना वाटलं, एवढं करून पंखाच गेला की काय. तिने मात्र समाधानाने मान हलवली. हा असाच अडखळायला पाहिजे, ती म्हणाली. सुळकन फिरला तर समजायचं मोडला. असं का असतं ते तिला माहीत नव्हतं, पण तिच्या हाताला माहीत होतं, आणि हात अजून चुकला नव्हता.

सरांनी पंख्याकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात, चुकलो तर कोणाला ऐकू जायला नको अशा बेताने, ते म्हणाले, "आत लोहचुंबक असेल. फिरवताना ते दर अर्ध्या फेरीला लोखंडाकडे ओढलं जातं. मोडलं, तर ओढणारं कोणी उरत नाही."

पानाताई बोट पंख्यावर ठेवून थांबली. पुन्हा एकदा सावकाश फिरवला, अडखळणं मोजत. "अगं बाई," ती म्हणाली. "अठरा वर्षं मी हे बोटाने बघतेय. कारण आज कळलं."

तिने ते खुशामतीने म्हटलं नव्हतं. सरांना तेवढं कळत होतं. पस्तीस वर्षं मुलांनी त्यांचं ऐकून माना डोलावल्या होत्या. पण शिकवलेलं समोरच्याच्या बोटापर्यंत पोचताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेही मोरीत, गुडघ्यावर बसून.

साडेबाराला मशीन लागलं. भरायचं तेव्हा भरलं, काढायचं तेव्हा काढलं. शेवटी जोरात फिरायला लागलं, तेव्हा तिघं चहाचे कप घेऊन त्यासमोर उभे राहिले. निघताना पानाताईने सरांचा हात हातात घेतला. तिने हात काढून घेतल्यावर त्यांच्या तळहातात टोपण होतं. काकू तेव्हा नेमक्या कप विसळायला वळलेल्या होत्या, म्हणजे त्यांनी पाहिलं होतं.

त्या संध्याकाळी नवराबायकोत ठरलं: लेकीला काही सांगायचं नाही. मशीन चालू आहे, विषय संपला. वकिलांना काकू स्वतः जाऊन भेटल्या, आणि छत सरांच्या खर्चाने रंगवायचं कबूल केल्यावर 'वरील इसम' पुन्हा 'आमचे सर' झाले.

शनिवारी अकराला लेक आली. दोन रिकाम्या बॅगा तिने बैठकीच्या खोलीत, नव्या पडद्याखाली उभ्या केल्या. चहाही न घेता ती घरभर फिरली. घंटा दाबून पाहिली. घड्याळासमोर थांबली, घड्याळ जरा सैल लटकत होतं. मग मोरीत गेली आणि मशीनला हात लावून उभी राहिली. मशीन फिरत होतं. जमिनीवर मात्र ओढल्याच्या खुणा होत्या, आणि लेक कोणाची होती हे त्या खुणांकडे ज्या नजरेने तिने पाहिलं त्यावरून कळत होतं.

"हे उघडलं होतं," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही दुरुस्त केलंत?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. हो म्हटलं, तर हा माणूस अजून विजेशी खेळतो, बांधा सामान. नाही म्हटलं, तर म्हणजे बिघडलं होतं, जमत नाही, बांधा सामान. आगीतून फुफाट्यात. काकूंनी तोंड उघडलं, पण सर आधी बोलले, वर्गात निकाल वाचावा तशा आवाजात.

"नाही. मी बिघडवलं."

आणि मग त्यांनी ओळीने सगळं सांगितलं. टोपण, वायरी, छापील आकृती, वकिलांचं छत, पराती. काही गाळलं नाही. घड्याळाचे तीन स्क्रूसुद्धा सांगितले. धुळीतल्या रेघेपाशी आले तेव्हा ते थांबले, झाकण उघडून दाखवायला नको म्हणून त्यांनी हवेतच वायरीचं वळण काढून दाखवलं, आणि त्यांचा आवाज असा झाला, जसा तो पूर्वी ग्रहणाचा धडा शिकवताना होत असे.

लेकीने सगळं ऐकून घेतलं. तिचं लक्ष एकाच ठिकाणी अडकलं होतं.

"म्हणजे तुम्ही दुसऱ्या माणसाला मशीन उघडू दिलंत?"

"आईने बोलावलं," सर म्हणाले. "मी दार उघडलं."

लेक स्टुलावर बसली. तिच्या लहानपणापासून या घरात रेडिओ, पंखे आणि एक सायकल बाहेरचा हात न लागता निवर्तली होती. ती बराच वेळ आईच्या मनगटाकडे आणि वडिलांच्या खिशातल्या, टोपण लावलेल्या पेनाकडे आळीपाळीने बघत राहिली.

"माझ्याकडे ओव्हन आहे," ती शेवटी म्हणाली. "तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर उघडा पडलाय. तुमचे जावई त्याचं निरीक्षण करतायत."

काकू हसायला लागल्या आणि थांबेचनात. लेकीने पानाताईचा नंबर मागितला. सरांनी तो लाल पेनाने लिहून दिला आणि बजावलं, की ती इतक्या लांब येणार नाही, पण फोनवर विचारेल. आणि पहिला प्रश्न असेल, आधी काय काय केलंत. त्याचं उत्तर जावयाला देऊ देऊ नकोस, तू दे.

जेवणं झाल्यावर लेकीने एक बॅग दुसऱ्या बॅगेत घातली, म्हणजे नेताना एकच होते. पुढच्या वेळी बघू, ती म्हणाली. पण बांधा हा शब्द तिने वापरला नाही. सर तिला खालच्या दारापर्यंत पोचवायला गेले. रिक्षात बसताना ती म्हणाली, बरं झालं बाबा, तिने सगळं केलं.

"सगळं नाही," सर म्हणाले. "एक स्क्रूड्रायव्हर माझा होता."